देवीच्या पेटीतलं माझं पेन

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. शेजारीपाजारी म्हणतात, बाईंचं वय झालं, ऊन बाधतं. ऊन कसलं बाधतंय! आयुष्यभर ह्याच उन्हात मैदानावर उभं राहून पोरांकडून कवायत करून घेतली आहे मी. बाधतो तो परीक्षेचा मोसम. एकीकडे कलमांच्या बागांतून पेट्या ठोकल्याचा आवाज यायला लागतो, काजूच्या बोंडांचा तो आंबूस वास अंगणात शिरतो, बायका सुरंगीचे वळेसर केसांत माळून फिरतात, आणि दुसरीकडे दहावीची हॉल तिकिटं शाळेत येतात. झालं. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं नटूनथटून देवळाकडे निघतात. पुस्तकाकडे नाही हां, देवळाकडे. देवीच्या लाकडी पेटीत एक पेन आहे, त्याच्या पाया पडायला.

त्या पेनाची मूळ मालकीण मी. अजून जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि त्या पेनापासून हाकेच्या अंतरावर राहते.

मला पेनांचा नाद आहे. नाद म्हणजे नादच, उगाच छंदबिंद म्हणून त्याला सोवळं नेसवायचं कारण नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेली सत्तावीस पेनं आहेत माझ्याकडे. एक हिरवं, कुशीतली दांडी ओढून शाई भरायचं. एक सोन्याच्या निबेचं, जे मी कधी वापरलं नाही, फक्त बघते. एकाच्या पोटाला काचेची खिडकी, शाई किती उरली ते दिसायला. गावात ह्याची चेष्टा. 'बाईनु, लिवतास एका हातान, मगे इतकी पेनां कित्याक?' कपाटभर साड्या असलेल्या बाईला कधी कोणी विचारलंय का, की नेसतेस एका अंगावर, मग इतक्या कित्याक? पण पेनांचं आलं की सगळ्यांना हिशेब सुचतो.

तर ह्या सगळ्यांच्या आधीचं, म्हणजे माझं पहिलं पेन, कोल्हापूरला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत असताना घेतलेलं. दिसायला अगदी सामान्य. काळं, जाडसर, टोपणाला पितळी पट्टी, ड्रॉपरने शाई भरायचं. आट्यांतून थोडी शाई पाझरायची, म्हणून माझं मधलं बोट वर्षाचे बारा महिने निळं. उन्हाळ्यात हातात तापलं की त्याला एक वास यायचा, जुन्या रबरासारखा, आणि तो वास आला की मला आपसूक लिहावंसं वाटायचं. त्या एका पेनाने मी किती वह्या तपासल्या, किती हजेऱ्या भरल्या, आईला किती पत्रं लिहिली, कोणी मोजलंय?

आणि वापरून वापरून ते माझं झालं होतं. हे लोकांना कळत नाही हो! मी पेन जरा आडवं धरते आणि उजवीकडे कलंडवते. तेरा-चौदा वर्षांत निबेची ती एक कड अशी झिजली, की माझ्या हातात ते लोण्यासारखं चालायचं आणि दुसऱ्याने धरलं की कुरकुरायचं. दुसऱ्याच्या झिजलेल्या वहाणेत पाय घालून बघा, म्हणजे कळेल. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा सहीपुरतं मागितलं, तेव्हा मी ते दिलं नाही आणि त्यांना वर्गातला खडू आणून दिला. त्यांनी तो राग वर्षभर धरला. मी म्हटलं, धरा.

अशी मी. आणि ते पेन मी माझ्या ह्या हातांनी दुसऱ्याला दिलं.

ऐंशीच्या दशकातला तो मार्च. आमच्या वाडीतली एकच मुलगी त्या वर्षी दहावीला होती, गंगाकाकीची सुमन. गंगाकाकी म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातली, नवऱ्यामागे एकटीने काजूची बाग आणि दोन म्हशी सांभाळणारी बाई. तिला अक्षर येत नव्हतं, कागदावर अंगठा उठवायची. सुमन शाळेतून आली की काजू सोलायची, शेण काढायची, आणि संध्याकाळी दिवेलागणीआधी माझ्या पडवीत येऊन बीजगणित करायची. हाताला काजूच्या तेलाने फोड आलेले असायचे. तशा हाताने ती गणितं सोडवायची, चुकली की पान फाडायची नाही, त्याच पानावर खाली पुन्हा मांडायची, कागद वाया जाऊ नये म्हणून. चार महिने मी तिला शिकवलं. तसं शिकवण्यासारखं फार काही नव्हतं, तिची तीच शिकत होती, मी फक्त समोर बसायचे.

परीक्षेचं केंद्र देवगडला. पहिल्या दिवशी मी तिला घेऊन एसटीने गेले. शिमगा नुकताच झाला होता, गाडीत अजून गुलाल उडत होता, ड्रायव्हरचे कान लाल. उतरताना गर्दीत सुमनचं पेन पायरीवर पडलं आणि कोणाच्या तरी पायाखाली त्याची निब पार दुमडली. केंद्राच्या फाटकाशी पहिली घंटा झालेली. ती पोर नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. रडली असती तर मी ओरडले असते. रडली नाही, म्हणून माझा हात पिशवीत गेला.

'हे घे. नीट धर. टोपण मागे लावू नकोस, सैल होतं. आणि कुणाला देऊ नकोस.'

पेपर होता मराठीचा, तीन तासांचा. ते तीन तास मी बाहेर वडाखाली बसून काय भोगलं ते माझं मला ठाऊक. सुमनची काळजी नव्हती हो, ती लिहिणारच होती. पेनाची काळजी.

संध्याकाळी घरी परत आल्यावर सुमन पेन द्यायला निघाली, तर गंगाकाकीने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. मला निरोप आला, 'बाईनु, एका पेपराक चलला, आता मधीच बदलूचा नाय. परीक्षा संपली काय हाडून देतंय.' म्हटलं ठीक आहे. सात-आठ दिवसांचा प्रश्न. मी डब्यातलं हिरवं पेन काढलं आणि त्याने वह्या तपासत बसले. त्याचे लाल शेरे सुद्धा मला माझे वाटत नव्हते.

मला काय माहीत, की त्याच संध्याकाळी काकीने दाजी गुरवाला बरोबर घेऊन देवीला गाऱ्हाणं घातलं होतं. दाजी आमच्या देवळाचा गुरव, पूजाही त्याची आणि देवीशी बोलायचं कामही त्याचं. लेकीसाठीचं गाऱ्हाणं असं, की 'बाय माझे, माझा चेडू ज्या पेनान लिवता, ता पेन मी तुझ्या पायाकडे आणून ठेवतंय, पण तेका पास कर.' दुसऱ्याची वस्तू नवसाला बोलायची! माझ्या माहितीत जगात कुठे असं होत नसेल. आमच्याकडे होतं. कारण आमच्याकडे माणसाला विचारायची पद्धतच नाही, थेट देवीला विचारतात.

परीक्षा संपली, पेन आलं नाही. मी दोनदा आठवण केली. 'निकाल लागांदे हां बाईनु,' काकी म्हणाली. जूनमध्ये निकाल लागला. सुमन पास, आणि चांगल्या मार्कांनी पास. मला इतका आनंद झाला की मी स्वतः पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. तर घराला कडी. सगळी वाडी ढोल वाजवत देवळात गेलेली. मी मागोमाग पोचले तेव्हा माझं पेन एका ताटात, हळदीकुंकू लावलेलं, शेजारी नारळ, आणि दाजी ते उचलून देवीच्या पायाशी ठेवतोय.

राग आला की माझी पुस्तकी मराठी पळून जाते. 'ह्या काय चल्लाहा गो?' मी ओरडलेच. 'माझा पेन तां!'

काकी हात जोडून पुढे आली. 'रागावू नकात बाईनु. देवीक सांगान टाकलंय मी. आता ता पेन माझा नाय नि तुमचाय नाय.'

'तुझा कधी होता गो तां?'

'तेवा सुचलांच नाय,' ती म्हणाली. खरं सांगते, त्या बाईच्या तोंडावर एवढा आनंद होता की चोर म्हणायचीही सोय नाही.

मी गावकऱ्यांना बसवलं. डब्यातली तीन पेनं आणली, त्यात सोन्याच्या निबेचंसुद्धा. म्हटलं, ही तिन्ही देवीला घ्या आणि माझं ते काळं, गळकं, झिजकं मला द्या. तर लोक हादरले. देवीला अदलाबदल करून फसवतात काय बाई! दाजीने मान हलवली. 'देवीकडे गेलेली वस्तू, बाईनु. आता तिकाच इचारूक व्हया.' म्हणजे कौल. पाषाणावर फुलाचे ओले कळे चिकटवायचे आणि विचारायचं. उजवीकडचा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. विज्ञान शिकवणारी बाई मी, वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवते, आणि माझ्या पेनाचा निकाल ओल्या कळीवर!

दाजीने गाऱ्हाणं घातलं, पेन बाईंक परत दिवचा आसात तर उजवो दी म्हणून. सगळे श्वास रोखून. बाहेर पाऊस, दारं सताड उघडी. डावी कळी पडली.

'वारो इलो! वाऱ्यान पाडल्यान!' मी म्हटलं.

'देवळातलो वारो पण तिचोच, बाईनु,' दाजी शांतपणे म्हणाला. अपिलाची सोय संपली.

मला सगळ्यात जास्त कशाची चीड आली सांगू? पेन गेलं त्याची आलीच. पण पुढचे कितीतरी दिवस रस्त्याने जाताना लोक म्हणायचे, 'बाईंच्या पेनान सुमन पास झाली.' अरे, पेनाने? चार महिने फोड आलेल्या हाताने ती पोर गणितं करत होती ती कोणी बघितली नाहीत? त्याच पानावर खाली पुन्हा मांडत होती ते? ती पास झाली तिच्या अकलेने, आणि शाबासकी कोणाला, तर एका काळ्या नळीला. माझ्याच पेनाचा मला राग यायला लागला, इतकं त्या लोकांनी मला छळलं.

पुढच्या मार्चमध्ये मी बघायला गेले. न जाऊन राहवेना. दाजीने पेटी उघडली आणि मी किंचाळले. निबेवर तेल आणि शेंदूर थापलेला! आट्यांत कुंकू, निबेखालच्या जिभेत वाळलेली शाई. मी तिथेच दाजीला फैलावर घेतलं. देवीची वस्तू म्हणवता आणि ही दशा करता? तिच्या दागिन्यांना असं ठेवता काय? गावकरी खजील झाले. आपसात कुजबुजले. मग आमच्या गावाला जे एकच उत्तर येतं ते त्यांनी दिलं. म्हणाले, दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन धुवायचं, आणि धुवायचं ते बाईंनी. हा बाईंचा मान.

मान! पालखीला खांदा द्यायचा मान असतो, होळीला पहिला नारळ ठेवायचा मान असतो. माझ्या नशिबी माझंच पेन धुवायचा मान. त्यातही अट, की धुवायचं, पुसायचं, लिहायचं नाही. देवीच्या पेनाने माणसाने लिहायचं नसतं म्हणे.

आणि मी तो मान घेतला. दुसरं काय करणार होते? चाळीसेक मार्च झाले. तांब्यात कोमट पाणी घ्यायचं, निब आणि जीभ सुटी करायची, शेंदूर मऊ कापडाने काढायचा, सभामंडपात उन्हाच्या पट्ट्यात वाळत ठेवायचं. समोर पोरं आपापली हॉल तिकिटं घेऊन रांगेत. बीजगणितात सात मार्क पडलेला एकजण एका वर्षी त्या पेनाला नारळ वाढवून गेला. नापास झाला. तरी पुढच्या वर्षी पुन्हा आला, ह्या वेळी दोन नारळ! आणि हे सगळं होईपर्यंत माझं ते पेन हातात असायचं, तापायचं, त्याला तो वास यायचा, आणि मला लिहायची बंदी. धुऊन झालं की टोपण लावून परत करायचं. घरी आल्यावर त्या दिवशी मी डब्यातल्या एकाही पेनाला हात लावत नसे.

दरवर्षी गंगाकाकी तिथे असायची. खांबाला टेकून बसायची आणि मी पेन धुताना बघायची. आता तिची पंच्याऐंशी उलटली असेल, डोळ्यांना धूसर दिसतं. पण येते.

ह्या वर्षी सुमन शिमग्याला आली होती. ती कणकवलीला एका कचेरीत होती, आता तिलाही निवृत्तीचे वेध लागलेत. माझ्या पडवीत, पूर्वी बसायची तिथेच बसली. मी चहा ठेवला. कपातला चहा निवला तरी ती पिईना. मग एकदम म्हणाली, 'बाईनु, माका एक सांगूचा आसा. आवशीक सांगू नकात.'

आणि आईला कळू न देण्याच्या अटीवर तिने सांगितलं. माझं पेन तिच्या हातात चाललंच नव्हतं. 'पयल्या ओळीकच खर्र खर्र करूक लागला. कागद फाटलो. मी दोन ओळी लिवलंय नि ठेवलंय. बाजूच्या बाकावरच्या चेडवाकडे दुसरा बॉलपेन होता, ता घेतलंय. सगळे पेपर तेच्यानच लिवलंय.'

'मग तेव्हा का नाही बोललीस?'

'मी सांगूच्या आदीच आवस गाऱ्हाणां घालून मोकळी झाली होती. आणि तुमका सांगलं असतं तर तुमी देवळात जाऊन भांडलां असतां.'

भांडले असते! अलबत भांडले असते! मी उठून पडवीत येरझारा घालायला लागले. चाळीस वर्षं! नवस बोलला होता ज्या पेनाने लिहिलं त्याचा, आणि लिहिलं होतं कुठल्यातरी बॉलपेनने, जे कधीच संपून उकिरड्यावर गेलं असेल. म्हणजे माझं पेन देवीचं कधी झालंच नव्हतं. फुकट कोंडून पडलं. फुकट शेंदूर खाल्ला. आणि रागाच्या त्या भरातही मला, खोटं कशाला बोलू, एक खुशी झाली. दुसऱ्याच्या हातात ते चाललं नाही. दोन ओळी सुद्धा नाही!

त्या रात्री नाही, तिथल्या तिथे ठरवलं. पुरे झाला हा मान. पेन घेऊन घरी यायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी देवळात जाताना मी तांब्याबरोबर शाईची बाटली आणि ड्रॉपर घेतला. दाजी आता नाही, त्याचा मुलगा गुरवकी करतो. काकी खांबाला टेकून बसलेली, शेजारी सुमन. मला बघून सुमनचा चेहरा उतरला. तिला कळलं असणार. मी पेन धुतलं, वाळवलं, आणि सगळ्यांसमोर बाटली उघडून त्यात शाई भरली. गुरवाचा मुलगा 'बाईनु, बाईनु' करत पुढे आला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो जागीच थांबला. शेवटी माझ्याच वर्गात होता तो.

तोंड उघडणार एवढ्यात काकी बोलली.

'बाईनु, शाईचो वास येता. भरल्यात काय?'

'भरली,' मी म्हटलं.

'बरां केलात.' ती स्वतःच्या उजव्या अंगठ्यावरून दुसरं बोट फिरवत होती. 'माझ्या अंगठ्याक आयुष्यभर शाई लागली, बाईनु. तलाठ्याकडे लागली, सोसायटीत लागली. लोक हसत. पण ज्या दिसा माझ्या चेडवान कचेरीत पयली सही केल्यान ना, त्या दिसा मी हय येऊन ह्या पेनाक हात लावन गेलंय. माझ्या हातान देवीक दिलेली एकच वस्तू ती. दुसरा काय होता माझ्याकडे?'

मग म्हणाली, 'कायतरी लिवा. आवाज आयकतंय.'

मी हातातल्या पिशवीतून पाठकोरा कागद काढला. नियम मोडायला निघालेच होते, आता तिनेच मोडायला सांगितला. पहिली ओढ कोरडी गेली, दुसरीला शाई उतरली. आणि काय सांगू, ते चाललं. इतक्या वर्षांनी, जराही कुरकुर न करता. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हे पेन माझं आहे. नवसाशी ह्याचा काहीही संबंध नाही.' खाली माझं नाव, तारीख.

'काय लिवलात?' काकीने विचारलं.

सुमन माझ्या खांद्यावरून वाचत होती.

मी कागद समोर धरला आणि मोठ्याने वाचलं, 'देवीस अर्पण. गंगाबाईकडून.'

काकीने हात पुढे केला. कागद कपाळाला लावला, घडी घातली आणि मला म्हणाली, पेनासोबतच ठेवा तो, बाईनु. मी टोपण घट्ट लावलं, पेन पेटीत ठेवलं, कागद त्याच्याखाली ठेवला. आता काय करायचं ते देवीने तो वाचून ठरवावं.